इदु मनी अल्ल

तळवार साहेब आला तेव्हा मी कांड्या भरत होते.
चपला काढल्या त्यानं उंबऱ्याबाहेर, एवढं मात्र खरं.
मग टेप काढली.

पुढची खोली दहा बाय अकरा.
चरखा, त्याला शिलाई मशीनची जुनी मोटर,
रेशमाचा डबा, जरीची लडी,
आणि कोपऱ्यात आमची तृप्ती, कानाला हेडफोन,
पुण्यातल्या कुणाचं तरी हरवलेलं पार्सल शोधत.
सगळ्याचा फोटो काढला.
फोटोवर तारीख आपोआप उमटते, म्हणाला,
आणि अक्षांश रेखांश.
दोरीवरचे आमचे परकरही आले असणार
अक्षांश रेखांशासकट.

मशीन किती? एक.
मजूर किती?
मी हात वर केला, शाळेत करतात तसा.
कामाची वेळ?
आता काय सांगायचं.
चार दिवसांनी नळ येतो, तो भरून झाला की.
ह्यांचा डबा उद्यमबागेत फौंड्रीवर गेला की.
एक भाकरी तव्यावर आणि दुसरी परातीत, त्याच्या मधे.
रात्री झोप मोडली की.
म्हटलं, वेळ अशी नाही, साहेब.
त्यानं लिहिलं: चोवीस तास.

आठ दिवसांनी नोटीस आली, कानडीत.
मला कानडी बोलता येतं, भांडता येतं,
शनिवारच्या बाजारात भाव पाडता येतो.
वाचता येत नाही.
नीलव्वाकडं नेली. तिचाही माग घरातच,
तिच्याही दारावर तसलाच लाल नंबर.
"काय करूलालीस गं इतक्या सकाळी," म्हणत
चष्मा पदराला पुसला तिनं, ओळीवर बोट ठेवलं:
इदु मनी अल्ल.
हे घर नव्हे.

म्हणजे मीटर धंद्याचं.
आणि धंदा चोवीस तास, म्हणून तपासणीही
चोवीस तासांत कधीही.
कडी लावून ठेवू नये.

तिच्या भाषेत मनी म्हणजे घर.
माझ्या भाषेत मनी म्हणजे मनात.
तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो,
हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.
"मग बरोबरच लिहिलंय की," नीलव्वा म्हणाली,
"आपण त्यांच्या मनी नाहीच."
आणि हसली, इतकी हसली
की मागावरचे दोन धागे तुटले.

कचेरीत गेलो दोघी.
दहाची खिडकी साडेअकराला उघडली,
दीडला जेवायला मिटली.
आतून कडी लावल्याचा आवाज आला.
तेवढ्यानं माझं डोकं फिरलं, खरं सांगते.

खिडकी परत उघडली तेव्हा विचारलं:
कारखाना तर कारखाना. मग पगारी सुट्टी?
पीएफ? पोरगी झाली तेव्हाची रजा,
ती आता मिळाली तरी चालेल.
शेठ कांडीमागं पैसे मोजतो, त्याच्या बंगल्यावर
टेप घेऊन कोण गेलंय?
त्या रकान्यात तिथल्या माणसानं
आडवी रेघ मारली.

पुढच्या सोमवारी तळवार परत आला.
माणूस वाईट नाही. घाम पुसत म्हणाला,
वर बोललोय, अर्धं घर धरू, अर्धा कारखाना.
खिशातून खडू काढला
आणि चौकटीपासून चुलीपर्यंत रेघ ओढली.
हे झोपतात बरोबर तिथून.
रात्रभर डोकं घरात, पाय कारखान्यात.
पायांची हजेरी कोण मांडणार,
विचारायचं राहून गेलं.

सकाळी मी फरशी पुसली.
कुणाला विचारलं नाही.
रेघ गेली, फक्त शहाबादीच्या फटीत
थोडी पांढरी राहिलीय.
कांडी घरंगळते ती नेमकी तिथं जाऊन अडकते.
काढायला वाकावं लागतं.

कडी लावून वाकते.